पडदा काळा राहिला म्हणजे
(शाळेतील जुन्या संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाची क्रमवार तपासणी)

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि त्याच सुमारास पाचगणीच्या पठारावर धुके उतरते. पसरणीचा घाट चढून वर आलेल्या माणसास दहा पावलांवरचा माणूस ओळखता येत नाही. भिंतींना ओल धरते, हजेरीपटाची पाने एकमेकांस चिकटतात आणि फळ्यावर खडू धड उमटत नाही. अशा एखाद्या सकाळी गुरुजी उन्हाळी सुट्टीनंतर प्रथमच संगणकावरचे कापड दूर करतात व बटण दाबतात. आतला पंखा घरघरतो, लहानसा दिवा लागतो. परंतु पडदा काळा तो काळाच. समोर मुले सरसावून बसलेली असतात. दहा मिनिटे खटपट होते आणि मग ठरलेले वाक्य उच्चारले जाते : “कॉम्प्युटर गेला.”

प्रस्तुत लेख या वाक्याविषयी आहे. शाळाभेटींच्या निमित्ताने असे कित्येक ‘गेलेले’ संगणक माझ्या पाहण्यात आले. त्यांपैकी खरोखर गेलेले थोडे होते. उरलेल्यांत कोठे केबल भलत्या जागी लावलेली होती, कोठे कार्ड खाचेत पुरते बसले नव्हते, तर कोठे मॉनिटरच दुसऱ्या जोडणीची वाट पाहत होता. हे दोष ओळखण्यास अभियंता असावे लागत नाही. त्यास एक क्रम लागतो आणि तो क्रम मध्येच न सोडण्याचा धीर लागतो. हा क्रम शिक्षकबंधु-भगिनींच्या हाती द्यावा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

शाळेत हे कार्ड आले कोठून?

ग्राफिक्स कार्ड म्हटले की शहरातील तरुणांचे संगणकावरील खेळ डोळ्यांपुढे येतात. प्राथमिक शाळेस त्याचे काय प्रयोजन, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होईल. त्याचे उत्तर असे. संगणकाचा प्रोसेसर आकडेमोड करतो; परंतु त्या आकड्यांचे पडद्यावर दिसणारे चित्र बनविण्याचे काम निराळ्या यंत्रणेचे असते. कचेऱ्यांतून वापरल्या जाणाऱ्या बहुतेक संगणकांत ही यंत्रणा प्रोसेसरमध्येच सामावलेली असते. काही प्रोसेसरांत मात्र ती चालू नसते. इंटेल कंपनीच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाअखेरीस ‘एफ’ हे अक्षर येते ते या जातीचे होत. कधी ही यंत्रणा ठीक असते, पण मदरबोर्डावरील मॉनिटर लावण्याची जागा निकामी झालेली असते. कधी प्रोजेक्टर व मॉनिटर ही दोन्ही एकाच वेळी लावावयाची असतात. अशा प्रसंगी दुरुस्ती करणारा मदरबोर्डावरील लांब खाचेत एक स्वतंत्र कार्ड बसवून देतो. लोकवर्गणीतून, माजी विद्यार्थ्यांकडून किंवा एखाद्या कचेरीकडून शाळांना जे संगणक मिळतात, त्यांत असे कार्ड वारंवार आढळते. आणि ते बहुधा नवे नसून वापरलेले असते.

पाण्याची वाट आणि चित्राची वाट

पाचगणी व भिलार परिसरातील मुलांना स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरील ठिबक चांगले परिचित आहे. एखाद्या वाफ्यातील रोपे सुकू लागली म्हणून शेतकरी ‘विहीर आटली’ असे म्हणत नाही. तो प्रथम नळीचे छिद्र पाहतो, मग नळी, मग जोड, मग व्हॉल्व्ह, आणि सर्वांत शेवटी मोटार.

चित्रालाही अशीच वाट आहे. भिंतीतील सॉकेटमधून वीज पॉवर सप्लायमध्ये येते. तेथून ती मदरबोर्डास मिळते. मदरबोर्डावरील प्रोसेसर व रॅम कामास लागतात. ते ग्राफिक्स कार्डास काम सांगतात. कार्ड चित्राचा संकेत तयार करते, तो केबलमधून मॉनिटरकडे जातो आणि मॉनिटर त्याचे चित्र दाखवितो. यांपैकी कोणताही एक दुवा सुटला तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच, काळा पडदा. म्हणून केवळ लक्षण पाहून निदान करू नये. पडद्यापासून निघावे आणि क्रमाने आत जावे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी, यंत्र चालू करून पाहावे आणि काय घडले ते वहीत लिहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र आले, तर ते कशामुळे आले हे कळत नाही; आणि तोच दोष पुन्हा उद्भवला म्हणजे आपण होतो तेथेच राहतो.

पहिली पायरी : मॉनिटर

मॉनिटरच्या दिव्याकडे पाहावे. दिवा मुळीच लागत नसेल, तर दोष संगणकाचा नसून मॉनिटरच्या विजेचा आहे. दिवा लागत असेल, तर मॉनिटरची केबल संगणकाच्या बाजूने काढावी. पडद्यावर ‘नो सिग्नल’ किंवा केबल तपासण्याची सूचना आली, तर मॉनिटर जिवंत आहे आणि त्यास संकेत मात्र मिळत नाही, असे समजावे. ही एक मोठीच माहिती आहे. कारण पडदा दिसण्याजोगा आहे, हे आता सिद्ध झाले.

त्यानंतर मॉनिटरवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ हे बटण शोधावे. एकाच मॉनिटरला निळी व्हीजीए जोडणी आणि चपटी एचडीएमआय जोडणी, अशा दोन जागा असतात. केबल एकीत आणि मॉनिटरची निवड दुसरीची, असे असल्यास पडदा काळाच राहणार. हे बटण दाबून प्रत्येक जोडणी आळीपाळीने निवडून पाहावी.

येथे आणखी एक सोपी कसोटी सांगतो. संगणक चालू करून दोन मिनिटे थांबावे व कीबोर्डवरील कॅप्स लॉक ही कळ दाबावी. तिचा दिवा लागत व विझत असेल, तर संगणक बहुधा पूर्ण सुरू झाला आहे. केवळ चित्राची वाट तुटली आहे. कळीस काहीच प्रतिसाद नसेल, तर दोष आणखी आत असण्याचा संभव आहे.

दुसरी पायरी : केबल कोठे लावली आहे?

आता संगणकाच्या पाठीमागे पाहावे. जेथे कीबोर्ड, माऊस व यूएसबी यांच्या जागा एकत्र दिसतात, तो मदरबोर्डाचा भाग. संगणक उभा ठेवला असेल तर त्या भागाच्या खाली आडव्या पट्ट्या असतात. त्यांपैकी एखाद्या पट्टीवर मॉनिटर लावण्याच्या जागा दिसल्या, तर ते ग्राफिक्स कार्ड. दोन्ही ठिकाणी एकाच आकाराच्या जागा असू शकतात. परंतु कार्ड बसविलेले असताना पुष्कळ संगणक मदरबोर्डावरील जागा आपोआप बंद करतात. केबल तेथे लावली गेली, तर सर्व भाग निर्दोष असूनही चित्र येत नाही. केबल नेहमी कार्डास लावावी.

या ठिकाणी मला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी डोंगरातील एका द्विशिक्षकी शाळेस मी भेट दिली. ग्रामस्थांनी वर्गणी काढून घेतलेला संगणक तेथे होता. वर्गखोलीस रंग दिल्यापासून तो चालेनासा झाला आहे, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. मला परतीची एसटी गाठावयाची होती. मी बटण दाबले, पंखा फिरला, पडदा काळा राहिला. मी शेरेबुकात लिहिले : ‘संगणक नादुरुस्त. निर्लेखनाची कार्यवाही करावी.’ अधिकाऱ्याने लिहिले म्हटल्यावर पुन्हा त्या बटणास कोणी हात लावला नाही. संगणक दोन सत्रे कापडाखाली राहिला. पुढे बदलून आलेल्या एका शिक्षिकेने तो दुसऱ्या कोपऱ्यात हलविला. केबल पुन्हा लावताना तशाच आकाराची आणखी एक जागा खालच्या पट्टीवर आहे, हे तिच्या ध्यानात आले. केबल तेथे लावताच पडदा उजळला. रंगकामानंतर ती वरच्या जागेत लावली गेली होती, एवढाच काय तो बिघाड!

दरम्यान चौथीची मुले शाळा सोडून गेली होती. त्यांच्या आईबापांनी वर्गणी दिली होती, आणि त्यांना त्या यंत्रावर स्वतःचे नावही लिहावयास मिळाले नव्हते. पुढील भेटीत मी माझाच शेरा खोडून त्याखाली सही केली. शेरा खोडता आला. त्या मुलांचे वर्ष परत देता आले नाही. कार्डाच्या तपासणीविषयी मी जे काही शिकलो, ते या प्रसंगानंतर शिकलो.

तिसरी पायरी : जोडणीची जात

दान मिळालेले मॉनिटर बहुधा जुने, म्हणजे व्हीजीए जातीचे असतात. ही जोडणी आयबीएम कंपनीने १९८७ साली प्रचारात आणली. तिची पिन-रचना तीन ओळींत पंधरा पिनांची असून तीतून चित्राचा संकेत अखंड लहरीच्या रूपाने वाहतो. एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट या जोडण्यांतून तो अंकांच्या रूपाने वाहतो. या दोन भिन्न भाषा आहेत. म्हणून एचडीएमआय जागेचे कार्ड आणि व्हीजीए मॉनिटर यांच्यामध्ये नुसती दोन टोकांची तार चालत नाही; आत रूपांतर करणारी चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो.

डीव्हीआय ही पांढरी रुंद जोडणी विशेष फसवी आहे. तिच्या एका बाजूस आडवी चपटी फट असते. त्या फटीभोवती चार लहान छिद्रे असतील, तर ती दोन्ही प्रकारचे संकेत देते व साध्या जोडाने व्हीजीए मॉनिटर चालतो. ती चार छिद्रे नसतील, तर केवळ अंकांचा संकेत मिळतो. साधा जोड लावून काहीही दिसणार नाही. २०१६ सालापासून बाजारात आलेल्या बहुतेक नव्या कार्डांत व्हीजीए मॉनिटरला चालेल असा संकेतच नसतो. सबब, कार्ड बदलल्यावर चित्र नाहीसे झाले असेल, तर कार्डास दोष देण्यापूर्वी ही जात पाहावी.

चौथी पायरी : पेटी उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर

येथवर यश न आल्यास संगणकाची पेटी उघडावी लागते. त्यापूर्वीचे नियम कडकपणे पाळावेत. प्लग सॉकेटमधून काढावा; नुसते बटण बंद करून भागत नाही. नंतर संगणकाचे चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. पॉवर सप्लायची लोखंडी डबी कोणीही कधीही उघडू नये. तीत धोकादायक दाबाची वीज प्लग काढल्यावरही काही काळ राहते. हे काम मुलांना करू देऊ नये, दुरून पाहू द्यावे.

अंगावरील स्थिर वीज हा कार्डाचा अदृश्य शत्रू होय. पाचगणीच्या हिवाळ्यात हवा कोरडी असते आणि आपण लोकरी स्वेटर घालून वर्गावर येतो. स्वेटर काढताना जी चटचट ऐकू येते, ती हीच वीज. आपणांस तिची जाणीव क्षणभर होते, पण कार्डावरील सूक्ष्म भाग तेवढ्याने निकामी होऊ शकतो. म्हणून लोकरी कपडा दूर ठेवावा, पेटीच्या उघड्या लोखंडास हात लावावा व मगच कार्डास स्पर्श करावा. कार्ड कडेने धरावे.

पेटी उघडल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात.

एक, कार्ड खाचेत पुरते बसले आहे काय? घाटातून जीपमध्ये किंवा दुचाकीवर आलेल्या संगणकातील कार्ड एका टोकाने वर उचललेले आढळते. पट्टीचा स्क्रू सोडावा, खाचेच्या टोकाची कुलूपकळ दाबून कार्ड सरळ वर काढावे, पुन्हा बसवावे. कळ ‘टक्’ असा आवाज करून लागली पाहिजे. शेवटी स्क्रू आवळावा, नाहीतर केबलच्या वजनाने कार्ड पुन्हा कलते.

दोन, कार्डास वेगळी वीज हवी आहे काय? पीसीआय एक्सप्रेस जातीच्या लांब खाचेतून कार्डास अधिकात अधिक ७५ वॅट वीज मिळते. छताच्या एका साध्या पंख्यास लागते तेवढी. अधिक वीज खाणाऱ्या कार्डाच्या कडेस सहा किंवा आठ पिनांची निराळी जागा असते. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ वॅट व आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात. ही जागा रिकामी असेल, तर पंखा फिरूनही चित्र येणार नाही. कचेरीतील लहान संगणकांचा पॉवर सप्लाय पुष्कळदा २०० ते ३०० वॅटचाच असतो आणि त्यात ही जोडणी नसतेही. अशा यंत्रात मोठे कार्ड बसविणे म्हणजे एका बैलाच्या गाडीत दोन गाड्यांचे ओझे भरणे होय. शाळेस लहान, खाचेतील विजेवरच चालणारे कार्ड पुरते.

तीन, कार्डाच्या खालच्या कडेवरील सोनेरी दाते स्वच्छ आहेत काय? सोन्याला गंज चढत नाही. परंतु धूळ, ओल व बोटांचा तेलकटपणा यांचा थर त्यावर बसतो आणि तो संकेत अडवितो. आपल्या भागात पावसाळ्यात गवताच्या झडी लावून भिंती झाकतात, तरी ओल घरात शिरतेच. मग संगणकाच्या पेटीची काय कथा! मऊ पांढऱ्या खोडरबराने दाते हलक्या हाताने पुसावेत, कण झटकावेत, आणि मिळाल्यास औषधाच्या दुकानातील आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ सुती कापडावर घेऊन फिरवावे. पूर्ण वाळू द्यावे. रॉकेल वापरू नये. कोविडच्या काळातील सॅनिटायझरच्या बाटल्या कपाटात उरल्या असतील, त्याही वापरू नयेत. त्यांत पाणी व ग्लिसरीन असते. खाचेतील धूळ कोरड्या मऊ ब्रशाने काढावी, तोंडाने फुंकू नये. फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार आत जातात.

पाचवी पायरी : दोष कार्डाचा की शेजाऱ्याचा?

एवढे करूनही पडदा काळाच असेल, तर कार्ड काढून ठेवावे आणि केबल मदरबोर्डावरील जागेत लावून संगणक सुरू करावा. चित्र आले, तर बाकीचे यंत्र ठीक असून दोष कार्डात किंवा त्याच्या खाचेत आहे. मदरबोर्डावर अशी जागाच नसेल, किंवा प्रोसेसर चित्र न बनविणारा असेल, तर ही कसोटी लागू नाही; मग केंद्रातील दुसऱ्या शाळेचे चालू कार्ड आपल्या यंत्रात, अथवा आपले कार्ड त्यांच्या चालू यंत्रात बसवून पाहावे. शिक्षण परिषदेच्या दिवशी हे काम अर्ध्या तासात होते.

कार्ड नसतानाही पडदा काळाच राहिला, तर रॅमकडे वळावे. रॅमची पट्टी सैल असली की काळा पडदा येतो आणि दोष मात्र बिचाऱ्या कार्डाच्या माथी बसतो. दोन्ही टोकांच्या कळा उघडून पट्टी काढावी, दाते वरीलप्रमाणे पुसावेत व दोन्ही कळा लागेपर्यंत दाबून बसवावी. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी.

पुढे मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी. तीवर बहुधा ‘सीआर २०३२’ असे छापलेले असते व ती ३ व्होल्टची असते. संगणकास स्वतःच्या मांडणीची आठवण राहते ती हिच्यामुळे. सुट्टीत बंद राहिलेल्या जुन्या यंत्राची बॅटरी उतरते आणि चित्र कोठून पाठवावयाचे याविषयीची निवड बिघडू शकते. प्लग काढून बॅटरी पाच मिनिटे बाहेर ठेवावी, नंतर नवी बसवावी. बाजूची खूण पाहून ती सुलटी बसवावी.

संगणक सुरू होताना ‘बीप’ असा आवाज येत असेल, तर तो मोजावा. ही यंत्राची तक्रार सांगण्याची पद्धत आहे. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड आवाज हे चित्रयंत्रणेतील दोषाचे चिन्ह मानले जाते. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये आठ आवाज. कंपनीगणिक हे संकेत बदलतात, म्हणून आवाजांची रीत लिहून दुरुस्ती करणाऱ्यास सांगावी. पुष्कळ यंत्रांत आवाजाचा कर्णाच नसतो. तेव्हा शांतता म्हणजे आरोग्य, असे समजू नये.

सहावी पायरी : दोन पिढ्यांचे न जमणे

कधी कार्ड निर्दोष असते, यंत्रही निर्दोष असते, पण दोघांचे जमत नाही. संगणक सुरू होताना जो पहिला कार्यक्रम चालतो, त्याची जुनी पद्धत बायोस व नवी पद्धत यूईएफआय. २०१२ साली विंडोज ८ बाजारात आल्यानंतर नवी पद्धत सर्वत्र रूढ झाली. त्यापूर्वीच्या अनेक कार्डांना ही नवी भाषा येत नाही. यंत्रातील ‘सीएसएम’ ही जुन्या भाषेची सोय बंद असेल, तर असे कार्ड प्रारंभी चित्र देत नाही. कार्ड काढून, मदरबोर्डावरील जागेतून चित्र मिळवून, ही सोय चालू करावी व मग कार्ड परत बसवावे.

याउलट, प्रारंभी कंपनीची मुद्रा पडद्यावर दिसते आणि विंडोज उघडू लागताच पडदा काळा होतो, असेही घडते. ज्या कार्डाने एकदा चित्र दाखविले, त्यास एकाएकी मृत ठरवू नये. बहुधा त्याचा ड्रायव्हर नावाचा सहायक कार्यक्रम बिघडलेला असतो, किंवा मॉनिटरला न झेपणारी चित्राची मापे निवडली गेलेली असतात. विंडोज ‘सेफ मोड’मध्ये उघडून तो कार्यक्रम काढून पुन्हा बसवावा.

कार्ड खरोखर गेले असेल तर

काही कार्डे खरोखरच जातात. फुगलेले किंवा गळलेले कपॅसिटर, जळकट वास, काळा पडलेला डाग, अथवा दुसऱ्या निरोगी यंत्रातही न येणारे चित्र, ही त्याची चिन्हे. वारंवार तापून व निवून मुख्य चिपखालील डाखाचे बारीक टाके तुटतात. कार्ड भट्टीत किंवा तव्यावर भाजले की ते जोडले जातात, असा एक उपाय तोंडोतोंडी पसरला आहे. तो करू नये. त्याने आलेले चित्र बहुधा अल्पायुषी असते आणि त्यातून निघणारा धूर आरोग्यास घातक असतो. शाळेच्या पोषण आहाराच्या चुलीजवळ तर तो विचारही नको. निकामी कार्ड जाळू नये, कचऱ्यातही टाकू नये. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यानुसार नोंदणीकृत केंद्राकडेच ते द्यावे.

बदली कार्ड जुन्या बाजारातून घ्यावयाचे झाल्यास थोडी सावधगिरी बाळगावी. आभासी चलनाचे हिशेब करण्यासाठी असंख्य कार्डे रात्रंदिवस राबविली जात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने ती पद्धत सोडली आणि अशी कार्डे मोठ्या प्रमाणावर विक्रीस आली. ती सर्वच वाईट नसतात; परंतु काहींच्या आतील कार्यक्रमात फेरफार केलेले असतात. २०१७ व २०२१ साली तर काही कार्डे केवळ त्या कामासाठीच निर्माण झाली, आणि त्यांना मॉनिटर लावण्याची जागाच ठेवलेली नव्हती! अशा कार्डाकडून आपला मॉनिटर उजळण्याची आशा करणे व्यर्थ. सबब, पैसे देण्यापूर्वी दुकानातच, आपल्यासमोर, चालू यंत्रात कार्ड बसवून चित्र पाहावे. कार्डावरील जागा आपल्या मॉनिटरशी जुळतात की नाही ते पाहावे. आणि परत घेण्याची मुदत पावतीवर लिहून घ्यावी. पैसा वर्गणीचा आहे, ही जाणीव ठेवावी.

रोग होऊ नये म्हणून

आपल्या हवेत सर्वांत सोपे औषध म्हणजे वापर. चालू यंत्र स्वतःच्या उबेने कोरडे राहते. बंद यंत्रास ओल धरते. पावसाळ्यात संगणक आठवड्यातून निदान तीन वेळा अर्धा तास चालवावा. तो बाहेरच्या भिंतीस टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नये. वळवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवावा. केबलच्या टोकास आणि कार्डावरील तिच्या जागेस एकाच रंगाची चिकटपट्टी लावावी. पुढच्या वेळी खोलीस रंग देणारा गडीसुद्धा केबल बरोबर जागी लावील. ही एक रुपयाची पट्टी माझ्या त्या शाळेत असती, तर मुलांचे वर्ष वाचले असते.

शेवटी एक विनंती. ही तपासणी मुलांपासून लपवून करू नये. ‘आधी काय पाहिले, काय बदलले, काय झाले’ असे तीन रकाने फळ्यावर आखावेत आणि भरण्याचे काम मुलांकडे द्यावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि अनुमान पुराव्यामागून यावे, हा विज्ञानाचा पाठ त्यांना पुस्तकापेक्षा येथे अधिक चांगला कळेल. वर्गात उत्तर न देणाऱ्या मुलास आपण ‘ढ’ म्हणत नाही. त्यास ऐकू येते काय, प्रश्न कळला काय, तो उपाशी आहे काय, हे आधी पाहतो. तीच रीत येथे चालवावी.

माझ्यापुरते मी असे ठरविले आहे की, वरील सहा पायऱ्यांची नोंद सोबत पाहिल्यावाचून कोणत्याही संगणकाच्या निर्लेखनाचा शेरा लिहावयाचा नाही, मग परतीची एसटी चुकली तरी चालेल. आपणही जडसंग्रह नोंदवहीत ‘नादुरुस्त’ हा शब्द लिहिण्यापूर्वी एकदा संगणकाच्या पाठीमागे वाकून पाहावे.